राखीव फाक

३ फेब्रुवारी

चि. ठकूस,
काकाचे अनेक आशीर्वाद.

जहाजावर चढलीस, आईला रडवलंस आणि काकाला दोन ओळी लिहायला तुला सवड नाही. शास्त्रज्ञ झालीस खरी! तीस वर्षांपूर्वी मी त्याच समुद्रात हेच काम केलं. तळाला भोक पाडायचं, नळीतून गाळाचा लांब गाभा वर काढायचा आणि एकेक थर वाचत बसायचं. तुझा बाप माझ्या शिफारशीने तंत्रज्ञ म्हणून बरोबर होता. पहिला आठवडा नुसता ओकत होता बिचारा, पण हातातलं काम सोडलं नाही.

तुम्ही माझ्या जुन्या भोकाच्या शेजारीच भोक पाडणार, असं कळलं. इकडे माझ्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. तो समुद्र हळूहळू तापत गेला, हे मी एका गाभ्यावरून सांगितलं आणि त्यावर आजवर मिजास केली. आता तुझे आकडे प्रस्तावनेत घालतो. पुतणीने काकाचं म्हणणं खरं केलं, असं छापून आलेलं कोणाला नको? तेव्हा लगेच पाठव. घरच्या माणसाला कसली आलीय बंदी!

खोकला अंगावर काढू नकोस. लोभ आहे, तो भरतीला असू दे.

तुझा,
काका

२७ मार्च, जहाजावरून

ती. काकांस,
कृ. सा. न. वि. वि.

ईमेलला मायना नसला की तुम्ही उत्तर देत नाही, म्हणून रीतसर लिहिते आहे. खोकला बरा आहे. हातांचा गाळाचा वास मात्र तीनदा धुऊनही जात नाही.

आकडे पाठवता येणार नाहीत. जहाज बंदराला लागल्यापासून वर्षभर ते जहाजावरच्या माणसांपुरतेच राहतात, मग सगळ्या जगाला खुले होतात. आम्ही सगळ्यांनी तशी सही केली आहे. कोणी कशावर लेख लिहायचा, तेही परवाच्या बैठकीत ठरलं. दोन गडी हमरीतुमरीवर आले, शेवटी कॅप्टनच्या कॉफीवर मिटलं. पाण्याच्या तापमानाचा लेख माझ्या वाट्याला आला आहे.

काका, एक मागते. नवी आवृत्ती वर्षभर थांबवा. का, ते विचारू नका. तुमचं हसं व्हावं असं मला वाटत नाही.

माया आहे तशीच राहू द्यावी, ही विनंती.

आपली,
ठकू

९ एप्रिल

चि. ठकूस,
आशीर्वाद.

थांबवा म्हणतेस आणि कारण सांगत नाहीस. एवढं न कळायला मी दूधखुळा नाही. तुझे आकडे माझ्या उलट निघाले आहेत. ज्या काकाने तुला पहिलं भिंग हातात दिलं, त्याच्याच मुळावर उठलीस.

पुस्तक छापायला गेलं आहे, आता थांबणार नाही. प्रस्तावनेत मात्र एक वाक्य वाढवलं आहे. गाभ्याचा एखादा तुकडा उलटा भरला गेला असल्यास तो दोष जहाजावरच्या तंत्रज्ञाचा, म्हणजे माझ्या दिवंगत धाकट्या भावाचा समजावा. तुकडे कापून, टोपणं लावून, पेटीत भरायचं काम त्याचंच होतं. यात खोटं काय आहे?

लोभ असावा, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

काका

१४ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुनःपुन्हा वाचलं. तुकड्याचं नाव मी काढलं नव्हतं. उलटा हा शब्दही माझा नव्हता. ते तुमच्या मनात आधीपासून होतं.

म्हणून मी गाभ्यांच्या कोठारात गेले. जुने गाभे कोणालाही बघता येतात. आत कडाक्याची थंडी, उसना कोट गुडघ्यांपर्यंत आणि नाक गळत होतं. तुमचं म्हणणं ज्यावर उभं आहे तो दीड मीटरचा तुकडा मागवला. तुम्हाला ठाऊकच आहे, जहाजावर टोपणं लावून झाली की तुकडा उभा चिरतात. एक फाक अभ्यासासाठी बाहेर जाते, दुसरी राखीव, तिला कोणी हात लावत नाही. निळं टोपण नेहमी वरच्या टोकाला. बाबांनी चूक केली असती तर दोन्ही फाका उलट्या निघाल्या असत्या.

राखीव फाक सरळ आहे. ज्वालामुखीच्या राखेचा काळा थर निळ्या टोपणाजवळ, आमच्या नव्या गाभ्यातही तो वरच आहे. अभ्यासाची फाक शेजारी ठेवली, तर तिच्यात तोच थर दुसऱ्या टोकाला. कोठाराच्या नोंदीप्रमाणे ती फाक तुमच्या टेबलाखेरीज कुठेच गेली नव्हती. तिथे टोपणं काढली आणि परत लावताना अदलाबदल झाली. तुम्ही काळ उलटा वाचलात. समुद्र तापत नव्हता, थंडावत होता.

टोपण कोणाच्याही हातून चुकतं. मी लेखात तुमचं नाव घेणार नाही, किनाऱ्यावर तुकडा उलटला एवढंच लिहीन. तुम्ही फक्त बाबांवरचं ते वाक्य काढा. बाकी पुस्तक तसंच्या तसं येऊ दे. हात जोडून सांगते.

आपली,
ठकू

२ जुलै

चि. ठकूस,

वाक्य राहील. त्याला आता कुठे नोकरीचे अर्ज करायचे आहेत? मला अजून चार माणसांत वावरायचं आहे, सभेत पहिल्या रांगेत बसायचं आहे. गेलेल्या माणसाने घरच्यांसाठी एवढं सोसलं तर काय बिघडलं? पुस्तक त्यालाच अर्पण केलं आहे. आईला एक प्रत पाठवतो.

कळावे.

काका

२० एप्रिल

मा. प्राध्यापक महोदयांस,
स. न. वि. वि.

वर्ष संपलं. मोहिमेचे सगळे आकडे काल खुले झाले आणि माझा लेखही आला. दोन्ही फाकांची चित्रं त्यात शेजारी शेजारी छापली आहेत. अभ्यासाची फाक कोणाच्या ताब्यात होती, तेही नाव घालून लिहिलं आहे. आधीचं वचन मी मोडलं. त्याचं मला वाईट वाटत नाही, वाटायला हवं होतं.

आपण पाठवलेली प्रत मी कपाटावर, मागे सारून ठेवली होती. आईला ती परवा सापडली. अर्पणाचं पान वाचून तिचे डोळे भरून आले. मोठ्या भावोजींनी ह्यांची आठवण ठेवली, असं शेजारणीला जाऊन सांगून आली. मग प्रस्तावना वाचली.

ती रडली नाही. पुस्तक मिटून तिने एवढंच विचारलं, की भावोजींना हे लिहायचंच होतं, तर हे उत्तर द्यायला जिवंत होते तेव्हा का नाही लिहिलं?  ते आपण येऊन तिला सांगावं. दार ती उघडेल, मी नाही.