धाकटीचं व्हर्च्युअल, माझं लाइव्ह

४ जून
कॉम्प्युटर क्लासच्या मान्यतेची मुदत वाढवायला महिनाअखेर तपासनीस येणार. नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर मुलींनी महिनाभर केलेला सराव बघणार. कॉम्प्युटर सहा, सगळे म्हातारे. धाकटी जाऊ लगेच पुढे. "ताई, व्हर्च्युअल मशीन टाकू. चालू कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर. जुनं काही हलवायला नको." एका घरात दोन चुली कमी पडल्या वाटतं! मी म्हटलं, पेनड्राइव्ह लावायचा, सिस्टिम थेट त्यावरूनच चालवायची. लाइव्ह. इन्स्टॉलची कटकटच नाही. बावीस वर्षं क्लास चालवतेय मी. ती म्हणाली, "पण लाइव्हमध्ये एक गोष्ट..." मी म्हटलं, बॅच सुरू झाली. (झाली नव्हती.)

६ जून
वाटणी. तीन कॉम्प्युटर तिचे, तीन माझे. तिचं मशीन उघडेस्तोवर माझ्या मुलींचं अर्धं पान टाइप होतं. तिच्या मुली खिडकीबाहेर बघत बसतात. मी मुद्दाम मोठ्यांदा म्हटलं, "आपलं कसं, थेट!"
संकल्प: तिच्याशी कामापुरतंच बोलणे.

७ जून, सकाळी ८
माझ्या मुलींच्या कालच्या फाइली गायब. तिच्या जागच्या जागी. मला काही कळत नाही असं नाही.

९ जून
पुन्हा गायब. ह्यांना सांगितलं. म्हणाले, "ती कशाला करेल?" भावाची बायको ना, बाजू घेणारच. संध्याकाळी तिन्ही कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने शटडाउन केले, पेनड्राइव्ह काढून कमरेला खोचले. बघू आता हात कुठून घालते.

१० जून
तरी गायब. बाई वाटली त्याहून पोहोचलेली आहे.

१४ जून
क्लासचं कुलूप बदललं. किल्ली माझ्याकडे. ती आली, "ताई, एकदा माझं ऐकता का?" कबुली द्यायला आली असणार. मी म्हटलं, वेळ गेली आता.

१५ जून
जेवताना सगळ्यांसमोर म्हटलं, घरातल्या घरात चोरी बरी नव्हे. अर्ध्या ताटावरून उठली. खाई त्याला खवखवे.

२१ जून
मुलींना तोच अर्ज रोज नव्याने टाइप करायला लावते. आज अकराव्यांदा. एक म्हणाली, "मॅडम, आता डोळे मिटून येतो." प्रगती.

२९ जून, दुपारी ४
तपासनीस आले. चहासुद्धा नको म्हणाले. आधी माझे कॉम्प्युटर. फोल्डर रिकामे. मी धाकटीकडे बोट दाखवून स्पष्ट सांगितलं, कुणीतरी रोज पुसतं. त्यांनी पेनड्राइव्ह बघितला. "लाइव्ह चालवता होय? आणि बंद कोण करतं?"
मी म्हटलं, मी. रोज. स्वतः.
"मग तुम्हीच पुसता. लाइव्हमधलं काम नुसतं मेमरीत असतं, बंद केलं की गेलं. टिकवायचं तर वेगळी सोय करावी लागते."
मुलींनी हसू दाबायला माना खाली घातल्या. धाकटी हसली नाही. तिने आपली मशीनं उघडली. सावकाश उघडली. महिन्याचा सराव, तारीखवार. मान्यता मिळाली.

३० जून
माफी मागायचं ठरवलं. सकाळी नको, ती घाईत असते. दुपारी नको, मी घाईत असते. संध्याकाळी मागितली. म्हणजे "झालं ते झालं" म्हटलं, पण सूर माफीचा होता. ती म्हणाली, "ताई, पलीकडच्या चौकातल्या क्लासमध्ये नोकरी धरलीय. सोमवारपासून." मी म्हटलं, वा.

५ जुलै
बॅचला पाचच मुली. बाकीच्या पलीकडच्या चौकात. तिचं मशीन काही केल्या उघडेना. माझा फोन उचलणार नाही, म्हणून ह्यांच्या फोनवरून लावला. "बोला दादा," म्हणाली. मी म्हटलं, मी आहे. मशीन उघडत नाहीये. तिने एकेक पायरी सांगितली. मी चुकले तिथे परत सांगितली. आवाज एकदाही चढवला नाही.
मशीन उघडलं.
भांडली असती तर बरं झालं असतं.