कपाटात ठेवलेलं डॉक्टरांचं पत्र

अहो,

भात-हुळी झाकून ठेवली आहे, स्वल्प गरम करून घ्या. बाळाला घेऊन मी मल्लेश्वरमला फिजिओथेरपीला जाते आहे.

लशीचं कार्ड शोधताना तुमच्या कपाटात डॉक्टरांचं पत्र सापडलं. बाळंतपणात ओटीपोटाखालचे स्नायू सैल झालेत, व्यायामानं लघवी गळायची थांबेल, असं त्यात लिहिलंय. तारीख पाच महिन्यांपूर्वीची. ते आणायला तुम्ही एकटेच गेला होतात आणि मला मात्र सांगितलंत, "डॉक्टर म्हणतात, बायकांना हे व्हायचंच." मी विश्वास ठेवला. तुम्हाला लाज वाटत होती, तर तसं सांगायचं होतं.

हसलं की कपडे ओले होतात म्हणून मी चारचौघांत बसणं सोडलं. परवा तुम्हीच विचारलंत, "हल्ली हसत का नाहीस?"

माहीत असून विचारलंत.

अहल्या