तीन अळणी दिवस

बाबा,

आजही वरणात मीठ घातलं नाही. विसरलो नाही, मुद्दाम घातलं नाही. लेक जेवायला बसली, पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "पापा, एकदम अस्पतालवाली दाल है." मला मात्र ती चव ओळखीची वाटली. आपल्या क्वार्टरमधल्या त्या काळ्या पडलेल्या स्वयंपाकघराची.

रेल्वे दवाखान्यातलं तुमचं मेडिकल जवळ आलं की तुम्ही तीन दिवस सुटी टाकायचे. आई लोणच्याची बरणी वरच्या फळीवर सरकवायची, घरात सगळ्यांनाच अळणी. तुम्ही खाटेवर आडवे आणि उशाशी मी, शाळेचं पुस्तक घेऊन. पावसाच्या, नदीच्या, पाखरांच्या कविता एकामागून एक चालीवर म्हणायचो. थांबलो की तुम्ही डोळे मिटूनच म्हणायचे, "काहून थांबला बे? तुही कविता आयकली का मले गाड्या दिसत नाही." एरवी तुम्हाला सदा गाड्याच दिसायच्या. कंट्रोलच्या टेबलावर आठ आठ तास, कानाला फोन, समोर तक्ता, त्यावर पेन्सिलीनं ओढलेली एकेका गाडीची रेघ. एक मालगाडी अडकली की मागच्या चार अडकायच्या आणि साहेबाची शिवी तुम्हाला. घरी आल्यावरही जेवताना तुमचं बोट ताटाच्या कडेनं रेघ ओढत असायचं.

शेजारचे बंगाली काका त्याच टेबलावर, दुसऱ्या पाळीत. तोच फोन, तोच साहेब, त्याच शिव्या. ते तळलेली मासळी खायचे आणि दारातून ओरडायचे, "क्यों भाई, फिर नमक की हड़ताल?" आई आतून म्हणायची, "हसा तुम्ही, तुमचं काय जाते!" खरंच त्यांचं काही गेलं नाही. नव्वदीला टेकून गेले, झोपेत. त्यांच्या रक्तात प्रेशर नव्हतं, आपल्या रक्तात होतं. एवढी साधी गोष्ट समजायला मला चाळिशीत डॉक्टरनं लिहून दिलेली गोळी लागली. मी तर आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात बसलो, जिथे कोणी मोठ्यानं बोलतही नाही. तरी प्रेशर आलंच. निवांत खुर्ची आणि रोजची गोळी, या दोघींनी मला इथवर आणलं, एवढंच.

तिसऱ्या दिवसानंतर तुम्ही सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि फिट होऊन यायचे. येताना गोल बाजारातून जिलेबी. त्या जिलेबीसोबत एकदा मला दम दिला होता, "कोणाले सांगू नको, पोट्ट्या. अनफिट केलं त फायली बांधत बसा लागन मले." मी सांगितलं नाही. मला वाटायचं, माझ्या कवितांनीच तुम्ही पास होता. खरं सांगू? तुमच्या मेडिकलची मी दिवाळीसारखी वाट पाहायचो.

शेवटच्या वेळीही पास झाले होते तुम्ही. मग पावसाळाही सरला नाही. टेबलावरच गेले तुम्ही. तक्त्यावरची रेघ दोन स्टेशनांच्या मधे थांबली होती, ती पुढे काकांनी ओढली.

लेक भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत आहे. पडद्यावर दोनशे ट्रक, प्रत्येकाचा एक ठिपका. ठिपका थांबला की तिचा फोन वाजतो. गेल्या महिन्यात दोनदा नाकातून रक्त आलं. "गर्मी है," म्हणाली. आता तिला पूर्ण कंट्रोल रूम मिळणार आहे, पण आधी मेडिकल. तुमच्या अळणी दिवसांची गोष्ट मी तिला लहानपणापासून सांगत आलो, गंमत म्हणून. जिलेबीपाशी संपवायचो. परवा हसत म्हणाली, "पापा, दादी वाला फॉर्मूला लगाते हैं. तीन दिन की छुट्टी ले ली." मी म्हणालो, हो. बाबा, मी हो म्हणालो. ती माझ्याशी तीन दिवस बोलेल, एवढंच तेव्हा डोक्यात आलं.

आज तिसरा दिवस. दुपारी ती दिवाणवर पडली आणि मी जुनं पुस्तक काढलं. ती इथल्या हिंदी शाळेत शिकली, तिला मराठी वाचता येत नाही, पण ऐकते. दुसऱ्या कडव्याला फोन वाजला. ती उठून बसली, "भैया, गाड़ी खड़ी क्यों है?" आणि बोलता बोलता तिचं बोट चादरीवर रेघ ओढू लागलं.

फोन ठेवल्यावर तिनं कंपनीचा फॉर्म भरायला घेतला. एका रकान्यापाशी थांबली. "पापा, दादाजी को क्या हुआ था?"

"बुढ़ापा," मी म्हणालो.

तिनं तसंच लिहून घेतलं. तुम्ही सेहेचाळीस वर्षांचे होता.

आता ती झोपली आहे. फॉर्म टेबलावर आहे, सकाळी जाईल. पेनही त्याच्याच शेजारी होता. तो उचलून मी इकडे आलो, आणि तुम्हाला लिहून राहिलो.