जीपला सिद्धरामशिवाय कोणी हात लावू नये

मी, नरसिंग पंढरी सूर्यवंशी, वय अडुसष्ट, धंदा ड्रायव्हरी, राहणार रेणापूर, जिल्हा लातूर (आधी उस्मानाबाद लिहून खोडलं, नवा जिल्हा होऊन पाच वर्षं होत आली तरी हात जुन्याच वळणानं जातो), डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्या दबावाशिवाय लिहून ठेवतो की,

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक पत्नी चांगुणा हिची. तिच्या पश्चात मुलगी जगदेवीची.

२. नव्या जिल्ह्याच्या वर्षी सरकारी लिलावात घेतलेली जीप जगदेवीला देतो. जावई अर्जुनराव माणूस चांगला, पण "भंगारात घाला" असं दोनदा म्हणाले आहेत. जीप विकायची नाही. अडलेल्या बाईला लातूरच्या दवाखान्यात न्यायला आमच्या गल्लीत दुसरी गाडी नाही, आणि एसटी कोणाच्या कळांसाठी थांबत नाही. जगदेवीला चालवता येते. तिने परवाना काढावा.

३. दुरुस्तीबाबत. लातूरच्या रेणापूर नाक्यावरचा मेस्त्री सिद्धराम याने माझं डोकं खाल्लं. ब्रेक करायला दिले की हॉर्न बंद. हॉर्न केला की दार उघडेना. काम संपलं की त्याच्या हातात दोन-चार नट उरतात. ते मला देऊन म्हणतो, "मामा, ह्ये कंपनीनं जास्तीचं लावलेलं हाय." गाडी कधी देतोस विचारलं, तर "उद्या". रेडिएटर गळत होता, त्यात त्याने हळद टाकली. चार दिवस गळती थांबली, पाचव्या दिवशी माझा सदरा पिवळा झाला.

४. तरीही. मागच्या उन्हाळ्यात टँकर चार दिवसांआड यायचा. चांगुणा एक घागर घरात ठेवायची, एक रेडिएटरला द्यायची आणि मला व सिद्धरामला एका दमात शिव्या घालायची. तशात जगदेवीला कळा लागल्या आणि निम्म्या वाटेत जीप उकळून बंद पडली. फटफटीवाल्याबरोबर निरोप धाडला. सिद्धराम भर उन्हात सायकलला पाण्याचा कॅन बांधून आला. मी झाकण उघडून उभा, तर त्याने रेडिएटरकडे पाहिलंच नाही. पाणी जगदेवीला पाजलं. "गाडी मरू द्या मामा," म्हणाला, आणि सायकल रस्त्यात आडवी टाकून डाळमिलचा ट्रक अडवला. नात कावेरी आता रांगते आहे. मी त्या दिवशी जीपमागे बसून रडलो. चांगुणाला हे माहीत नाही, आता कळेल.

म्हणून जीपला सिद्धरामशिवाय कोणी हात लावू नये. दुसरा मेस्त्री काम नीट करील, पण बोलावल्यावर असा येणार नाही.

५. मला स्मशानात याच जीपमधून न्यावं. चालू झाली नाही तर कोणी चिडू नये. सिद्धरामने मागून ढकलावी.

वकील सांगतात, ज्याला काही मिळतं त्याने साक्ष करू नये. तर स्पष्ट करतो, सिद्धरामला मी काहीही देत नाही. फक्त काम लावून जातो.

वरील मजकूर वाचून घेतला, बरोबर आहे, म्हणून सही करतो.

रेणापूर, १२ मे १९८७
नरसिंग पंढरी सूर्यवंशी

साक्षीदार :
१) किशन भीमा कांबळे, शेजारी
२) सिद्धराम पंचाक्षरी स्वामी, मेस्त्री. (मामा, गाडी चालू होणार म्हंजे होणार. तरीबी मी ढकलतोच.)