आलं, गेलं, उरलं

सोमवार, ९ एप्रिल २०१२

दही लागलं नाही. विरजण काल मीच घातलं होतं, घाईत, दूध कढत असताना. स्वयंपाकाला येणाऱ्या शांताबाईनं पातेलं नाकाशी धरलं. "जिवंत असते ते! मेलं सारं. दुधाले बॉयलर समजले का तुम्ही?"

हसलो. आणि घास हातातच राहिला.

मेलं!

भनपुरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला, पुस्तकं मागून-मागून गणित शिकलो. आता केमिकल-बायोच्या एम.टेक.च्या पोरांना तेच शिकवतो. समीकरणाआधी तीन शब्द लिहायला लावतो — आलं, गेलं, उरलं. बॉयलरमध्ये पाणी मरत नाही. पण त्या पोरांतल्या शर्मिष्ठाच्या टाकीत यीस्ट आहे. जीव! वाढणारे मी 'आलं'मध्ये धरायला लावले. मरणारे कुठेच नाहीत. तिचा अख्खा प्रबंध त्यावर उभा. शुक्रवारी जमा करायचा आहे.

मंगळवार, १०

तीनदा पडताळलं. चूक माझीच. मरणारे धरले की टाकी बाराव्या दिवशी बंद पडते. तिच्या आलेखात ती महिनाभर मजेत चालते. बाहेरून येणारा परीक्षक काय सोडतो? दोन वर्षं पाण्यात पोरीची.

शर्मिष्ठा फोन उचलत नाही. "बिनडिग्रीच्या माणसाला वर्ग कशाला?" म्हणणारे कॉलेजात आहेतच. आता त्यांचं खरं होणार. होऊ दे.

बुधवार, ११

सकाळीच बूढ़ापारा मोहल्ल्यात तिच्या खोलीवर गेलो. चहा ठेवत होती.

"पोरी, मी तुले चुकीचं शिकवलं." सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. चिडेल. ती खाली बघत म्हणाली, "मालूम है, काकाजी. फरवरी से."

वही काढली. मरणाऱ्यांचं पद जागच्या जागी, आलेखही बरोबर. प्रबंधात मात्र माझंच, जसंच्या तसं!

"काहून नाही बोलली?"

"आप इतने प्यार से पढ़ाते हैं. सबके सामने कैसे टोकती?"

चहा गार झाला. वर्गात लाडू वाटले, पाठीवरून हात फिरवला — आणि पोरांची तोंडं बंद केली मी!

"ते प्रकरण आजच बदल," एवढंच म्हणालो.

गुरुवार, १२

ती प्रकरण बदलून राहिली आहे. मी विभागप्रमुख नरेश सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "लिखकर दीजिए." दिलं. "सोमवार को मैं पीछे बैठूँगा." म्हणजे माझा वर्ग तपासणार.

शुक्रवार, १३

पाचला खिडकी बंद. पावणेपाचला प्रबंध जमा झाला. हुश्श!

रविवार, १५

जेवण जात नाही. शांताबाई म्हणे, "वर्ग गेला तं घरी बसा. पण आधी एवढं खाऊन घ्या." दही छान लागलं होतं. तिनंच लावलं.

सोमवार, १६

नरेश सर मागच्या बाकावर. शर्मिष्ठाही आली होती. फळ्यावर मुद्दाम एक चिन्ह उलटं लिहिलं — कोणी टोकतं का बघायला. पाच मिनिटं कोणी हूं की चूं केलं नाही.

मग शर्मिष्ठा उठली. "काकाजी, ये गलत है."

फळ्याशी येऊन तिनं बोट ठेवलं.

ती दुसरीच चूक होती. मुद्दाम केलेली नव्हती!