लिफ्टवाल्यांचा स्किल गॅप

५ जानेवारी
इथल्या आखाती लिफ्ट मेंटेनन्स कंपनीचा ट्रेनिंग मॅनेजर म्हणून नव्या वर्षाचा संकल्प: डेटाशिवाय बोलायचं नाही. आमच्या जीएम तहसीन मॅडमनी सांगितलंय, ट्रेनिंग ठरवण्याआधी टेक्निशियन्सना काय येत नाही ते साइटवर जाऊन बघा. म्हटलं, इन्शाल्ला. विषय मात्र मी ठरवून टाकलाय. पॉझिटिव्ह अ‍ॅटिट्यूड. स्लाइड्स तयार.

७ जानेवारी
साइटवर गेलो नाही. अल नहदाचा ट्रॅफिक. सगळ्यांना ऑफिसातच उभं केलं. ज्याला जे येत नाही त्याने हात वर करावा. नावं मॅडमकडे जातील, हेही सांगितलं. ट्रान्सपरन्सी. एकही हात वर नाही. गॅप शून्य.
घरी केयाला सांगितलं. म्हणाली, ‘बाबा, दे वेअर जस्ट स्केअर्ड.’ शाळेतल्या पोरीला एचआर काय कळणार.

१२ जानेवारी
मॅडमना रिपोर्ट पटला नाही. उद्या सुदेशबरोबर अल मजाजच्या टॉवरला जायचंय. सुदेश रत्नागिरीचा, शांत मुलगा. जातो. पण हा माझ्यावर अविश्वास आहे.

१३ जानेवारी, दुपार
अक्षर वाकडंतिकडं येतंय. एसी जास्त आहे.
सुदेश पॅनेल तपासायला आधीच वर गेला होता. मी मागून लिफ्टने निघालो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलो. माझ्यासोबत त्याच टॉवरमध्ये राहणाऱ्या मनोरमा आजी. दिवे गेले. सुदेशला फोन लावला, ब्रेक सोड, लिफ्ट खाली घे. तो म्हणाला, ‘सर, ह्या नव्या मॉडेलचं मला येत नाही.’
मग त्या दिवशी हात का वर केला नाहीस, विचारलं.
‘तुम्ही नावं देणार होतात. नोकरी गेली की व्हिसा जातो, सर.’
आजींना धाप लागलेली. मी जोर लावून दार ओढलं. फटीतून खाली नुसता काळोख. आजींनीच मला मागे खेचलं. शेवटी मॅडमनी, मूळच्या इंजिनिअर त्या, सुदेशला फोनवर सगळं समजावलं. लिफ्ट सरकायची, थांबायची. प्रत्येक वेळी मी आजींना धीर दिला.
दार उघडल्यावर सुदेश हळूच म्हणाला, ‘सर, आजींचा हात सोडा, म्हणजे त्यांना बाहेर येता येईल.’

१५ जानेवारी
मॅडम टेक्निशियन्समध्ये जाऊन बसल्या. आधी सांगितलं, कोणाचीही नोकरी जाणार नाही. मग विचारलं, कामात भीती कशाची वाटते. सुदेश बोलला. मग सगळेच, थांबेनात. स्लाइड्स खलास. सोमवारपासून ब्रेक आणि रेस्क्यूचं ट्रेनिंग, शिकवणार मॅडम.
मीही आहे. सरावासाठी आत अडकलेला माणूस लागतो. मॅडम म्हणाल्या, उल्हास, तुम्हाला वेगळी तयारी लागणार नाही.