मामांच्या मरणाची रजा

कुवेत,
मार्च १९७८

तीर्थपुरीचे सर्जेरावमामा यांना भाचा देवानंद याचा मनापासून जयभीम. आपली तब्येत ठीक असेलच. द्वारकामामीचे गुडघे कसे हेत? मी खुशाल हे, म्हणजे हातपाय जागेवर हेत. कुंभार पिंपळगावच्या भुजंगाचं तसं न्हाई. तो कामावर परांचीवरून पडला आन् कंबर मोडून खोलीत पडून हे. (कूस बदलायची तर आम्ही दोघं लागतो.) कंपनी म्हणती, सोबत नेणारा असला तरच घरी पाठवू. नेणाऱ्याला रजा पाहिजे, आन् रजा फक्त माय नाहीतर बाप मेल्यावर. पासपोर्ट सगळ्यांचे सायबाच्या कपाटात.

आता मामा, माझे माय-बाप तर कधीचेच गेले. बापाच्या जागी तुम्ही. म्हणून नाइलाजानं तुम्हालाच मारावं लागलं. (राग धरू नका, दुसरं माणूस मला न्हाई.) मुंबईच्या वसंताकडून तार मागवली, सर्जेराव वारले. सायबाला सांगितलं, पोसणारा मामाच माझा बाप. सायब हैदराबादचा, शक्की माणूस. तार दोनदा वाचून म्हणाला, "कल देखेंगे."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यापुढं उभा, अन् नेमका आपला कचरू गावाहून नवीन भरती होऊन दारात. हातात चटणीचा डबा. म्हणतो, "देवा, सर्जेरावमामानं दिली. बस सुटंस्तवर उभे होते बघ."

सायबानं मान वर केली. "सर्जेराव? वही, जो गुजर गए?"

भुजंग डोळ्यापुढं आला. मी धावत जाऊन कचरूच्या गळ्यात पडलो. "कचरू, तू निघालास आन् मागं मामा गेले रे." कचरू मटकन खाली बसला आन् असा हंबरला की बाहेरचे पठाण गडी आत आले. त्याचं बघून मलाबी खरंच रडू फुटलं, मामा. तुम्ही न्हाईत असं घडीभर वाटलं, ते लई वाईट वाटलं. सायबानं उठून पासपोर्टचं कपाट उघडलं.

पुढल्या शुक्रवारी मी आन् भुजंग विमानात बसतो. हे पत्र उद्या मुंबईला जाणाऱ्या गड्याजवळ देतो, तो तिथं टपालात टाकील.

आपला,
देवानंद

ता. क. : कचरूला खरं सांगायला उशीर झाला. त्यानं मामीच्या नावानं दुखवट्याचं पत्र टपालात टाकलंय. पोष्टमन आला की तुम्ही स्वतः पुढं व्हा.

ता. ता. क. : शनिवारी मुंबईच्या विमानतळावर या, भुजंगाला उचलायला माणूस पाहिजे. पण तिथं कंपनीचा एजंट असल, तवा माझ्याकडं बघूबी नका. भुजंगाची माय म्हातारी, तिला येणं व्हायचं न्हाई. गाव येईपर्यंत तुम्ही त्याचे मामा.